श्रीकृपा कोणाकडे आहे? (मे महिना, आजोळ आणि भावंडं : अनुभव धागा)

रिकामटेकडी
परवा माळा आवरताना पत्त्यांचा जुना कॅट सापडला. रबरबँड वितळून वरच्या पानाला चिकटलं होतं. पानं मोजली, ५२ भरली. पण त्यातलं एक लग्नपत्रिकेचं!

आमची बदाम सत्ती १९८६ च्या सुट्टीत हरवली. आता बदाम सत्तीच नाही तर बदाम सातचा डाव सुरू व्हायचा कसा, आणि भर दुपारी पंधरा पोरं माजघरात गप्प बसवायची कशी? मग मोठ्या मामेभावाने कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका पत्त्याच्या मापाने कापली आणि लाल पेनने सात बदाम काढले. सातव्याला जागा पुरली नाही म्हणून तो वांग्यासारखा झालाय. पाठीमागे छापील "आमचे येथे श्रीकृपेकरून", पुढचं कात्रीत गेलं.

त्यामुळे ते पान कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसायचं. मेंढीकोटात बदाम हुकूम झाला की समोरचे आधी पाठी बघायचे. "श्रीकृपा कोणाकडे आहे?" हा आमच्याकडचा परवलीचा शब्द. आजीसुद्धा ताक घुसळता घुसळता विचारायची, आज कोणावर झाली रे श्रीकृपा?

पान हातात घेऊन माळ्यावरच बसले. खाली कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या देव जाणे, डाळीचा लगदा झालाय.

तर आपापले मे महिने काढा बाहेर. प्रस्तावना नको, थेट झाडावर चढा.

लाल_डबा
निकाल १ मे ला. त्याच रात्री परळहून एस्टी. खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरायचं काम काकाचं, आणि त्या रुमालावर दुसरा कोणी बसलेला असला की भांडायचं काम काकूचं. कशेडी घाट आला की आमच्यातले तीन जण ठरलेले. एकाला सुरुवात झाली की बाकीचे दोघे केवळ आवाज ऐकून. आई लिंबू हुंगायला द्यायची. अजून लिंबाच्या वासाने मला मळमळतं, सरबत पीत नाही मी.

९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि त्या मे मध्ये पहिल्यांदा गाडीने गेलो. कोणालाच उलटी नाही. गावाला आल्यासारखं वाटेचना.

झंप्या
^^ ते तीन जण म्हणजे आमचंच घर. फक्त आमच्याकडे आवळासुपारी असायची.

अर्धी_चड्डी
काजू. ज्याने ओली काजूची बी दाताने फोडलीय त्याने हात वर करा.

मी आठ वर्षांचा. मावसभाऊ म्हणाला, भाजत कोण बसतंय, अशीच फोड. फोडली. आधी काहीच झालं नाही, म्हणून आणखी चार फोडल्या. त्या सालीतलं तेल कातडी जाळतं हे कळायला दुसरी सकाळ उजाडावी लागली. ओठ असे सुजले की 'प' म्हणता येईना. बोटांची साल आठवडाभर सोलवटून निघत होती, खाली गुलाबी कातडी. आजोबांनी खोबरेल लावलं आणि ओटीवर बसवून ठेवलं. बाकीचे समोर विटीदांडू खेळतायत आणि मी स्कोअर मोजतोय, तोही बोटांवर नाही मोजता येत.

मावसभाऊ आज त्वचारोगतज्ज्ञ आहे. खोटं नाही सांगत.

झंप्या
गिऱ्हाईकं लहानपणापासूनच तयार करत होता म्हणायचं 😂

वऱ्हाडी_ठेचा
तुमचं सगळं कोकण कोकण. आमच्या आजोळी आंबा कमी आन् ऊन जास्त. ४५-४६ म्हणजे साधा दिवस. सकाळी दहानंतर दाराबाहेर पाय टाकला की आजी खिशात कांदा कोंबे. कांद्यानं लू लागत नाही म्हणे. आम्ही तोच कांदा दुपारी मीठ लावून खाऊन टाकत असू.

मजा रात्री. संध्याकाळी सहाला गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं, आमची साखळी असायची विहिरीपासून जिन्यापर्यंत. पहिल्या बादल्या तर फरशी चक्क चर्र करून पिऊन टाके. नऊपर्यंत गाद्या वर. अठरा गाद्या ओळीनं. कडेला झोपायला कोणी तयार नाही, कारण मोठ्या दादानं सांगून ठेवलं होतं की मुंजा कडेनं मोजत येतो. मधल्या जागेसाठी मारामाऱ्या. पहाटे चारला गारवा सुटला की एका चादरीत पाच जण.

लाकडी कूलरच्या खसच्या ताट्या ओल्या झाल्या की जो वास येतो, तो बाटलीत भरून कोणी विकला तर मी पगार देईन.

सावलीचं_झाड
खसचं अत्तर मिळतं की.

वऱ्हाडी_ठेचा
मिळतं, घेतलं पण. त्यात धूळ नाही येत अन् कूलरचा घरघराटही नाही.

चाळकरी
मला आजोळ नव्हतं. म्हणजे होतं, पण आईचं माहेर आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. गिरगावातली चाळ. मे महिना लागला की एकेक दार बंद व्हायचं. शेजारी कुंड्यांना पाणी घालायला आमच्याकडे किल्ल्या देऊन जायचे. एका वर्षी माझ्याकडे नऊ किल्ल्या होत्या. अख्खी गॅलरी माझी, पण एकट्याने चेंडू टाकून एकट्यानेच आणायचा.

जूनमध्ये सगळे काळे होऊन परत यायचे आणि मला नुसतं ऐकायला लागायचं. विहीर अशी, फणस असा. वर प्रत्येकाने आणलेले आंबे आमच्याकडे, किल्लीचं भाडं म्हणून. आंबे मात्र नऊ घरचे खाल्लेत, तक्रार नाही.

रिकामटेकडी
चाळकरी, नऊ किल्ल्या 🥹 यावर वेगळं लिहा हो.

तिसरी_पंगत
कोणीतरी खरं लिहायलाच पाहिजे म्हणून लिहितेय. सुट्टी आपली होती. आईची नव्हती. आजीकडे आम्ही मिळून तेवीस माणसं. दोन माम्या आणि आई पहाटे पाचला चूल पेटवायच्या. पोरांची पंगत, मग पुरुषांची, मग यांची. यांच्या वाट्याला आमरस म्हणजे पातेल्याला लागलेला. माझी धाकटी मामी तर लग्न होऊन आली त्या वर्षी मे मध्ये स्वतःच्या माहेरी जाऊच शकली नाही, कारण नणंदा आल्या होत्या. ती नणंद म्हणजे माझी आई. आईला हे गेल्या वर्षी बोलून दाखवलं तर ती म्हणाली, मग मी तरी वर्षभर सासरी काय करत होते?

आठवणी गोड आहेतच. पण आमरस कोण पिळत होतं हेही आठवा.

सावलीचं_झाड
+१. आमची मामी कोयी चोखायची. आम्हाला वाटायचं तिला आवडतात.

लाल_डबा
बरोबर आहे, पण आमच्याकडे काका लोक पण राबायचे. झेला घेऊन आंबे उतरवणं, पेंढ्यात आढी घालणं, फणस फोडणं बायका नाही करायच्या.

तिसरी_पंगत
फणस आठवड्यातून एकदा फोडायचा असतो. भाकऱ्या रोज.

लाल_डबा
🙏 बसतो गप्प.

खानदेशी_शेव
आमच्याकडे आखाजीला (अक्षय तृतीया हो) सासुरवाशिणी माहेरी येतात तो हिशेब वेगळाच. आत्या आल्या की त्यांना पाणीसुद्धा हातात. लिंबाच्या झाडाला जाड दोराचा झोका, त्यावर आत्या आणि आम्ही भाच्या. तीस-पस्तिशीच्या बाया उभ्यानं झोके घ्यायच्या, पदर खोचून, वर गाणी. दोन घरांच्या बाया एकमेकींना गाण्यातूनच टोमणे मारायच्या. आम्हा पोरींना अर्थ कळायचा नाही पण आत्या हसल्या की आपण हसायचं.

खापरावरचे मांडे. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरते आणि मग उलट्या खापरावर. माझी चुलत बहीण एकदा नक्कल करायला गेली आणि मांडा थेट कुत्र्याच्या अंगावर. कुत्र्यानं तक्रार केली नाही.

ह्या वर्षी कोणी केले का मांडे? मी पुण्यात आहे, विकत मिळतात ते पापुद्रेच वाटतात.

मी_पण
मांडे नाही केले पण कुरडया केल्या. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला. खाली सोसायटीच्या ग्रुपवर "गच्चीवर कोणाचे तरी काहीतरी वाळत आहे, कृपया हटवावे".

लहानपणी कुरडयांची राखण आमच्याकडे. उलटी काळी छत्री मधोमध आणि आम्ही चौघं काठी घेऊन जिन्याच्या सावलीत. कावळ्यांनी खाल्ल्या त्याच्या दसपट आम्ही. अर्धी वाळलेली कुरडई वरून कडक आणि आत चिवट असते ना, तशी. काकूनं एकदा धोतरावरचे रिकामे गोल मोजले. चीक वाळला की कापडावर डाग राहतो हे आमच्या लक्षातच नव्हतं. एकतीस निघाले.

सूर_मार
पोहणं कोणीच लिहिलं नाही??

सांगली भाग. पायऱ्यांची विहीर, पाच पुरुष पाणी. शिकवायची पद्धत एकच. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि काकानं उचलून टाकायचं. डब्याची कड बरगडीला अशी घासायची की सुट्टीभर उताणं झोपता यायचं नाही. चौथ्या पाचव्या दिवशी डबा सोडायचा. माझा डबा आतेभावानं सांगितल्याशिवाय सोडला. मी मध्यापर्यंत गेलो, मागं हात लावला तर डबा नाही. तिथं जो ओरडलो! काका वरून शांतपणे म्हणाला, अरे ओरडतोयस म्हणजे तरंगतोयस.

मग काय, दुसऱ्या दिवसापासून मोटेच्या थारोळ्यावरून मुटका. कोणाचं पाणी जास्त उंच उडतं ह्यावर पैज, हरला त्यानं सगळ्यांच्या ओल्या चड्ड्या पिळायच्या.

माझ्या पोरांना तीन हजार भरून तरणतलावात घातलंय. चष्मा, टोपी, नाकाला चिमटा.

उशिरा_आलेली
सूर_मार, चांगलंच आहे की ते. आमच्या शेजारच्या वाड्यातला एक मुलगा त्या डब्यासकट गेला होता, दोरी सुटून. त्यानंतर आम्हा मुलींना विहिरीकडे फिरकूच दिलं नाही. मी पोहायला चाळिसाव्या वर्षी शिकले, चष्मा टोपी घालूनच.

सूर_मार
हं. खरंय. आम्ही वाचलो म्हणून मजा वाटते.

बॅटरी_डाऊन
विषय बदलतो. मे १९८९, रविवार सकाळ, महाभारत. गावात टीव्ही आमच्याच घरी, ब्लॅक अँड व्हाईट, आणि वीज नेमकी रविवारी गुल. मामा ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणायचा. अंगणात निम्मं गाव, पुढे म्हाताऱ्या टीव्हीला हात जोडून. एका रविवारी बाण सुटला, समोरून दुसरा सुटला, दोन्ही हवेत, आणि चित्र आकसत आकसत ठिपका झालं. बॅटरी बसली. कोणाचा बाण लागला यावर आठवडाभर वाद. भर म्हणजे ट्रॅक्टरही चालू होईना, सगळ्यांनी मिळून ढकलला. आम्ही चौदा भावंडं मागून, मामा वर बसून "हाणा कौरवांनो".

झंप्या
हाणा कौरवांनो 🤣🤣 हे मी आजपासून ऑफिसात वापरणार

अर्धी_चड्डी
पॉट आइस्क्रीम राहिलं. लाकडी बादली, मध्ये भांडं, बाजूला बर्फ आणि खडे मीठ. आधी लहानांचा नंबर कारण हँडल हलकं फिरतं, घट्ट होत आलं की मोठे. मी कायम मधल्या वयाचा. लहानांत मोठा म्हणून लवकर उठवायचे आणि मोठ्यांत लहान म्हणून चाटायला शेवटी.

आजीची_नात
आमची मालवणची आजी सातला पडवीतून हाक मारायची, "रे मेल्यांनो, जेवूक येवा!" आम्ही करवंदीच्या जाळीत, तोंडं जांभळी. ती गेल्यावरही दोन वर्षं आम्ही गेलो होतो. सात वाजले की सगळे आपापले उठून यायचो, कोणी हाक न मारता.

बाकी ते कोकम आगळ घरी करायचं प्रमाण कोणाला माहीत आहे का? रातांबे आलेत भरपूर.

लाल_डबा
आजीची_नात, बिया काढून सालं आणि मीठ थरावर थर. प्रमाण बायकोला विचारून सांगतो. (तिसरी_पंगत, हो, तीच करते.)

तिसरी_पंगत
😄

उशिरा_आलेली
धागाकर्त्या कुठे गायब? बदाम सत्ती हरवली कशी ते सांगितलंच नाही.

रिकामटेकडी
आहे आहे, दूध तापवत होते. पानाचा फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकला कालच. सतरा जणांपैकी चौदांनी नुसते बदाम पाठवले. पत्रिका कापणारा दादा म्हणाला, ते वांगं नाही, पेन फुटलं होतं. आणि धाकट्या मामेबहिणीने आत्ता लिहिलंय की सत्ती तिने कौलाच्या फटीत सरकवली होती, कारण ती सगळ्यात लहान आणि तिला आम्ही डावात घेत नव्हतो. अडतीस वर्षं गप्प!! घराचं छप्पर तर कधीच बदललं.

झंप्या
तिला आता घेणार का डावात?

रिकामटेकडी
तिने अट घातलीय, गुलामचोर असेल तर. पण तिथेही घोळ. ती म्हणते किल्वरचा गुलाम काढायचा, आमच्यात कायम इस्पिकचा काढायचे.

वऱ्हाडी_ठेचा
इस्पिकच.

सूर_मार
किल्वर. इस्पिक काढणारे लोक पहिल्यांदाच बघतोय.

खानदेशी_शेव
आमच्याकडे न बघता कुठलाही एक गुलाम काढून आजोबांच्या टोपीखाली. शेवटपर्यंत कोणालाच माहीत नाही, आजोबांना पण.