पाण्यात बुडालेला पीसी: हार्ड डिस्कमधले फोटो वाचतील का?

निळी_शाई:
घरात कोणी नसताना पाइप फुटला आणि खोलीभर गढूळ पाणी साचलं. डेस्कटॉपचा कॅबिनेट जमिनीवर होता, खालचा वीतभर भाग पाण्यात. मेन स्विच बंद केलाय, अजून काहीही चालू करून पाहिलेलं नाही. विंडोज वरच्या बाजूच्या एसएसडीवर आहे, ती जेमतेम दमट वाटते. तळाची साडेतीन इंची हार्ड डिस्क मात्र पूर्ण बुडाली आणि घरचे सगळे फोटो तिच्यात आहेत. बॅकअप अर्धवट. तांदळात पुरा, हेअर ड्रायर मारा, असे सल्ले मिळतायत. पीसी गेला तरी चालेल, फोटो हवेत. सुरुवात कुठून करू?

सोल्डरगन:
पॉवर दिली नाहीत हे फार बरं केलंत. निव्वळ पाण्यापेक्षा पाणी अधिक वीज हे जास्त घातक. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यातून प्रवाह गेला की बोर्डावरचं तांबं खाल्लं जातं. म्हणून प्लग काढल्यावर मदरबोर्डवरचा बटन सेलही काढा (बहुधा सीआर२०३२, ३ व्होल्टचा). प्लग नसला तरी तो बोर्डाच्या एका भागाला वीज पुरवत राहतो, हे बरेच जण विसरतात.
मग रॅम, कार्डं, केबल सगळं सुटं करा. बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. स्लॉटच्या आत आणि चिपांच्या खाली गाळ बसतो, तिथे वेळ घालवा. पंख्यासमोर दोन-तीन दिवस. ड्रायरची गरम हवा नको. तांदूळ उघड्या हवेपेक्षा जास्त काही करत नाही, वर त्याची पूड कनेक्टरमध्ये जाते.
पॉवर सप्लाय उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात. सरळ नवा घ्या.

भटका_इलेक्ट्रॉन:
+१. आणि हार्ड डिस्कही अशीच स्क्रू काढून अल्कोहोलने पुसून वाळवायची. सोपं आहे.

कोरडा_पाषाण:
नाही हो! डिस्कचं झाकण अजिबात उघडू नका, आणि बुडालेली डिस्क वाळवूही नका.
हार्ड डिस्क हवाबंद असते हा गैरसमज. हीलियम भरलेल्या सोडल्या तर बहुतेकांना हवेचा दाब सारखा राखायला एक बारीक भोक असतं, आत फिल्टर. लेबलवर ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. डिस्क बुडाली की तिथूनही पाणी आत जाऊ शकतं. चालू डिस्कचं हेड (डेटा वाचणारं टोक) प्लॅटरपासून, म्हणजे आतल्या फिरत्या चकतीपासून, काही नॅनोमीटर वर तरंगतं, त्यामुळे वाळलेल्या थेंबाचा डागसुद्धा त्याला डोंगरासारखा. पाणी आतच सुकलं तर गाळ प्लॅटरला चिकटतो आणि लॅबचं काम अवघड होतं. तेव्हा ओलसर कापडात गुंडाळा, झिप पिशवीत बंद करा आणि लवकरात लवकर डेटा रिकव्हरी लॅबला द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपायही विसरा.

भटका_इलेक्ट्रॉन:
मग फक्त खालचा सर्किट बोर्ड बदलून? त्याच मॉडेलची जुनी डिस्क मिळते.

कोरडा_पाषाण:
पूर्वी चालायचं. आता त्या बोर्डावरच्या रॉममध्ये (कायमची मेमरी चिप) त्या एकाच डिस्कचं कॅलिब्रेशन, म्हणजे तिच्यापुरती जुळवणी, असतं, ते नव्या बोर्डावर हलवावं लागतं. आणि प्लॅटरवर गाळ असेल तर नवा बोर्ड लावून ती फिरवणं म्हणजे उरलेलंही घालवणं.

निळी_शाई:
भोक सापडलं, लेबलच्या कडेला आहे. डिस्क पिशवीत गेली. लॅबला काय विचारू? आणि एसएसडीचं?

सोल्डरगन:
लॅबला: डिस्क उघडायला क्लीनरूम (धूळविरहित खोली) आहे का, साफ करण्याआधी पॉवर देणार नाही ना, डेटा निघाला नाही तर किती आकारणार, आणि पैसे भरण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी दाखवणार का. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी लॅब. पाणी गढूळ होतं हे आवर्जून सांगा आणि फोटोंच्या फोल्डरचं नाव द्या.
एसएसडीत फिरणारं काही नाही, तिचा डेटा चिपांमध्ये असतो. धुऊन, पूर्ण वाळवून, यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला जोडा. रीड एरर दिसले तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवू नका, ते डिस्कवरच लिहितं. लिनक्सवर डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण प्रत काढा. ते अवघड जागा मागे ठेवून आधी सहज वाचता येणारं उचलतं.

पानगळ:
मध्येच घुसते. माझ्या मॅकबुकवर गोड पेय सांडलंय. त्यातली डिस्क अशीच काढून वाचता येईल का?

सोल्डरगन:
टी२ (ॲपलची सुरक्षा चिप) किंवा ॲपलचाच मुख्य प्रोसेसर असेल तर नाही. स्टोरेज त्याच चिपला बांधून एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूप लावून बंद) केलेलं असतं, म्हणजे डेटासाठी मूळ बोर्डच जिवंत करावा लागतो. बंद ठेवा, चार्जर लावू नका, बोर्ड लेव्हलची दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. साखर चिकटून राहते आणि ओल धरते, त्यामुळे नुसतं वाळवून भागणार नाही.
निळी_शाई, तुमच्याकडेही बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असू शकतं, विंडोज बऱ्याचदा न विचारता लावतं. दुसऱ्या मशीनवर एसएसडी ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते आत्ताच फोनवरून बघून ठेवा.

निळी_शाई:
बघितली, आहे तिथे. लिहून घेतली. डिस्क उद्या लॅबकडे जाईल.