भागीदाराला प्रॉडक्शनवरून बाजूला करावं का?

शिरोलीकर:
आम्ही दोघांनी शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, टाकली तेव्हा बारा माणसं होती. पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना), साच्याची वाळू, भट्टी सगळं भागीदाराचं. हिशोब आणि गिऱ्हाईक माझं. आता दोन पाळ्यांत नव्वद माणसं आहेत. गेल्या पावसाळ्यात आठ दिवस वाळूच्या ओलाव्याची नोंदच झाली नाही. ओल जास्त झाली, वाफेनं कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागांत) पोकळ भोकं, म्हणजे ब्लोहोल निघाले, अख्खा लॉट परत आला. विचारलं तर म्हणतो, "मुठीत दाबली की ओल कळते मला." खरंच कळते. पण रात्रपाळीला ती मूठ नसते! प्रॉडक्शन पगारी मॅनेजरकडं द्यावं, यानं नवीन पॅटर्न बघावेत, नफ्यातला वाटा आहे तोच, असं माझ्या मनात आहे.

उद्यमनगरवाला:
साफ चुकताय. इतकी वर्षं वाळू त्यानं सांभाळली, आणि एक लॉट गेला म्हणून खुर्ची काढणार? माझ्या काकांना त्यांच्या भागीदारानं असंच 'सल्लागार' केलं. सहा महिन्यांत दोन मोल्डर (साचे करणारे) आणि भट्टीवाला सोडून गेले, मागोमाग काकाही. कामगार हाकेवर थांबतो, पदावर नाही. ओलावा मोजायचं यंत्र घ्या, रात्रपाळीला माणूस द्या.

कागलकर:
यंत्र घेऊन नोंद कोण ठेवणार, हाच तर प्रश्न आहे. बाजूला होणं म्हणजे हाकलणं नव्हे. गूगलच्या लॅरी पेज यांनी 2001 मध्ये सीईओपद एरिक श्मिट यांना दिलं, 2011 मध्ये परत घेतलं. मधली दहा वर्षं ते कंपनीतच होते.
दादा, तुमची भागीदारी फर्म आहे का? मग करारपत्र काढा. त्यात वेगळं ठरलेलं नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक भागीदाराला कारभारात भाग घ्यायचा हक्क आहे. एकट्यानं ठरवून भागणार नाही, त्याची सही लागेल.

उद्यमनगरवाला:
सही मिळेल हो, मन मिळेल का? पेज यांनी गुंतवणूकदारांच्या आग्रहावरून पद दिलं, पण माणूस निवडताना ते स्वतः होते. इथं दुसऱ्यानं आधीच ठरवलंय.

शिरोलीकर:
हे लागलं मला. करारपत्र बघितलं, कारभाराबद्दल एक ओळ नाही. रविवारी त्याच्या घरी जातो. मॅनेजर कोण आणि कधी, हे त्यानंच सांगावं. ओलाव्याची नोंद मात्र आज रात्रपाळीपासून सुरू, त्यावर मी मागं हटणार नाही.

उद्यमनगरवाला:
मग ती वही त्याच्याच हातून सुरू करा.