जुन्या बॅकहो लोडरच्या पुढच्या हबमध्ये बेअरिंगचा कप फिरतो आहे: पंच मारावा की बूश बसवावा?

माणदेशी_खोदकाम (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे 2008 सालचा टू-व्हील ड्राइव्ह बॅकहो लोडर असून शेततळी आणि ओढा खोलीकरणाची कामे त्यावर चालतात. डाव्या पुढच्या चाकाची दोन्ही टेपर रोलर बेअरिंगे गेल्या उन्हाळ्यात बदलली होती. परंतु पावसाळा संपता संपता चाकात पुन्हा प्ले (ढिलेपणा) आला, बकेट भरून वळताना घरघर ऐकू येऊ लागली आणि हब (चाकाचा मधला भाग) हाताला चटका बसेल इतका तापू लागला. हब उतरवल्यावर आतल्या बेअरिंगच्या रोलरवरून पोलादाच्या खपल्या निघालेल्या दिसल्या, ग्रीस पाणी मिसळून तपकिरी झाले होते आणि मुख्य म्हणजे आतल्या बाजूचा कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, हबच्या बोअरमध्ये (कप बसतो त्या गोल छिद्रात) बोटाने फिरवता येतो. आमच्या फिटरचे म्हणणे आहे की बोअरमध्ये सगळीकडून सेंटर पंचाचे ठोके मारून नवा कप बसवावा. नवा हब महाग आहे आणि लवकर मिळेल असे दिसत नाही. शिवाय आतल्या कोनवरचा (बेअरिंगच्या रोलर असलेल्या आतल्या कडीवरचा) नंबर घासून गेला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

लेथ_आणि_फिटिंग

पंच मारू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन. पुढच्या चाकात कप हबबरोबर फिरतो आणि कोन स्थिर स्पिंडलवर (चाक ज्यावर फिरते त्या दांड्यावर) बसतो. यंत्राचे वजन नेहमी एकाच दिशेने येत असल्यामुळे फिरणाऱ्या कपवर भाराची जागा प्रत्येक फेऱ्यात बदलत जाते, आणि कप घट्ट नसेल तर तो बोअरमध्ये कणाकणाने सरकत राहून हबचा धातू खात जातो. कोनवरचा भार मात्र कायम एकाच बाजूला असतो, म्हणून तो हाताने सरकवता येईल असा ठेवलेला असतो. त्याचा सैलपणा हा दोष नव्हे. पंचाचा ठोका मारला की भोवती धातूची बारीक कड वर येते आणि कप तेवढ्या कडांवरच टेकतो. भरलेली बकेट उचलली की पुढच्या ॲक्सलवरचा भार बराच वाढतो, त्या कडा चेपतात आणि कप पुन्हा फिरू लागतो. दरम्यान तो किंचित तिरका बसला असेल, तर रोलरच्या एकाच टोकावर भार येऊन नवे बेअरिंगही खराब होते.

आधी बोअर मोजून घ्यावा. आतल्या मायक्रोमीटरने किंवा बोअर गेजने दोन खोलींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी माप घेतले, म्हणजे बोअर फक्त मोठा झाला आहे की लंबगोलही झाला आहे ते कळते. या आकाराच्या हबमध्ये बोअर कपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा साधारण 0.02 ते 0.05 मिलिमीटरने लहान असावा लागतो; नेमका आकडा आपल्या यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. हबची भिंत पुरेशी जाड असेल तर बोअर लेथवर मोठा करून पोलादी बूश (नळीसारखी कडी) दाबून बसवावा आणि बूश बसवल्यानंतरच त्याचा आतला व्यास अंतिम मापाला आणावा. हब लेथवर लावताना बाहेरच्या कपचा चांगला बोअर डायल गेजने (काट्याच्या सूक्ष्म मापकाने) शून्यावर आणून त्याच्या आधाराने हे काम करवून घ्यावे, कारण दोन्ही बोअर एका रेषेत नसतील तर पुढे कितीही काळजीपूर्वक नट आवळला तरी चाक नीट चालणार नाही. कप ज्या पायरीवर टेकतो ती पायरीही त्याच सेटिंगमध्ये काटकोनात साफ करून घ्यावी. झीज बहुतेक वेळा तिथेही झालेली असते आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

झीज अगदी थोडी, म्हणजे काही शतांश मिलिमीटर असेल आणि बोअर गोल असेल, तर बेअरिंग पकडून ठेवणारे ॲनएरोबिक (हवा न मिळाल्यावर घट्ट होणारे) रसायन हा मार्ग आहे. फट भरणारे प्रकार साधारण 0.25 मिलिमीटरपर्यंत चालतात, पण दोन्ही पृष्ठभाग तेलाच्या अंशापासून मुक्त असले पाहिजेत. आपला कप बोटाने फिरतो आहे, म्हणून मी बूशच सुचवेन.

सुटे_भाग_पंढरपूर

नंबरविषयी. कोनवरचा नंबर गेला असला तरी कपच्या कडेवर तो बहुधा वाचता येतो; रॉकेलने धुऊन तिरक्या उजेडात पाहावा. मेट्रिक मालिकेत शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो, जसे 32210 म्हणजे 50 मिलिमीटर. इंच मालिकेत मात्र कोन आणि कप यांचे नंबर वेगवेगळे असतात. उदाहरणार्थ 25580 हा कोन आणि 25520 हा त्याचा कप. काहीच वाचता आले नाही तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि एकूण रुंदी व्हर्नियरने मोजून आणावी आणि हबच्या दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगशी गल्लत करू नये.

जुन्या कपमध्ये नवा कोन घालण्याचा मोह टाळावा. झिजलेल्या कपवर नवे रोलर फिरू लागले की त्यांच्यावरही लवकरच खपल्या येतात. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, कारण नामांकित कंपन्यांच्या खोक्यातील बनावट बेअरिंगे बाजारात आहेत; काही उत्पादकांच्या मोबाइल ॲपवर खोक्यावरचा कोड तपासताही येतो.

माणदेशी_खोदकाम

दोघांचेही मनापासून आभार. हब लेथवर देतो आहे. कप नवा आणि बोअर योग्य झाला तरी पाणी आत कसे शिरले, हा प्रश्न उरतोच. जुन्या ऑइल सीलच्या जागी स्पिंडलवर नखाला लागेल अशी खाच पडलेली आहे. उजव्या चाकाचेही काम आताच करावे काय?

ग्रीस_आणि_सील

माझ्या मते आपल्या बेअरिंगचे खरे कारण ती खाचच आहे. कामामुळे तापलेला हब ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढले जाते; सीलची कड खाचेत बसत असेल तर अडवायला काहीच उरत नाही. त्या जागी पातळ स्टेनलेस स्लीव्ह चढवावी, किंवा रचना परवानगी देत असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून कड अखंड जागेवर आणावी. जुन्या सीलची दिशा पाहून ठेवावी आणि मॅन्युअलशी ताडून नवे तसेच बसवावे.

कप बसवण्यापूर्वी काही तास फ्रीझरमध्ये ठेवला तर तो सहज जातो. गॅसची ज्योत बेअरिंगला कधीही लावू नये, कारण जास्त उष्णतेने पोलादाचा कडकपणा उतरतो. कप पितळी ड्रिफ्टने (ठोकण्याच्या दांड्याने) चहूबाजूंनी समान ठोकत पायरीला पूर्ण टेकवावा. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय 2 दर्जाचे (घट्टपणाच्या मापात 2 क्रमांकाचे) वापरावे. ते तळहाताने रोलरच्या मधून पलीकडे येईपर्यंत भरावे, पण हबची पोकळी एक-तृतीयांश ते निम्मीच भरावी, अन्यथा ग्रीस घुसळून तापते. जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढावे.

नट आवळताना चाक सतत फिरवत राहावे, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. नंतर नट सैल करून पुन्हा हलका आवळावा आणि डायल गेजवर हबचा पुढे-मागे प्ले पाहावा. मॅन्युअलमध्ये वेगळे माप नसेल तर 0.025 ते 0.125 मिलिमीटर ही व्यावसायिक वाहनांच्या चाकांसाठी रूढ मर्यादा आहे. स्प्लिट पिन दर वेळी नवीनच घालावी.

उजवे चाक उघडण्याआधी ते जमिनीवरून उचलून वर आणि खाली धरून हलवावे. हब स्पिंडलवर हलत असेल तर बेअरिंग, आणि स्पिंडलसकट सगळेच हलत असेल तर किंगपिनची (चाक वळते त्या उभ्या खिळीची) झीज समजावी. उचलण्यासाठी लोडरची बकेट जमिनीवर दाबली तरी यंत्र हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीही ठेवू नये: ॲक्सलखाली मजबूत घोडे, मागच्या चाकांना ओट (अडसर) आणि बॅकहोची स्विंग पिन (मागचा हात आडवा फिरू न देणारी खिळी) लावल्याशिवाय कोणीही खाली हात घालू नये. उजव्या बाजूला प्ले नसला, तरी दोन्ही चाके त्याच पाण्यातून गेलेली आहेत. म्हणून हब काढून ग्रीसचा रंग आणि सीलची जागा पाहावी आणि बेअरिंग बदलायचे की नाही हे त्यानंतर ठरवावे. डाव्या चाकाचा हब पहिल्या दिवसाच्या कामानंतर हाताने चाचपून प्ले पुन्हा मोजावा, कारण कप पायरीवर पूर्ण टेकलेला नसेल तर ते तेव्हाच उघड होते.