सॅन होजेत आइस हॉकीच्या खेळाडूची सही मिळवायची आहे

जामनेरकर: नोव्हेंबर-डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेत, सॅन होजेजवळच्या सनीव्हेलला मुक्काम आहे. इथे जळगावात मुलाचा मुलगा नऊ वर्षांचा, सॅन होजे शार्क्स या आइस हॉकी टीमच्या मॅचेस बघून पार वेडा झालाय. त्याला त्या टीमच्या मॅक्लिन सेलेब्रिनीची सही पकवर, म्हणजे खेळाच्या चकतीवर हवी. खेळाडू कुठे भेटतात, पेन कोणतं न्यायचं, आणि भेट म्हणून इथले केळीचे वेफर्स नेले तर चालतील का?

फैजपूरकर: काका, मॅचच्या तिकिटामागे लागू नका. सही मिळते ती सरावाच्या दिवशी. शार्क्सचा सराव सॅन होजेतल्या दक्षिण टेन्थ स्ट्रीटवरच्या शार्क्स आइसमध्ये होतो. प्रेक्षकांना खुला असला की फुकट बघता येतो. एका छताखाली बरेच रिंक, म्हणजे बर्फाची मैदानं आहेत, म्हणून आत गेल्यावर टीम कोणत्या रिंकवर आहे ते काउंटरवर विचारा. स्वेटर घाला, बाहेर कितीही ऊन असो, बाकावर तासभर बसलं की पाय गारठतात.

दिवस निवडताना घोळ होतो. हंगामात एकेका टीमच्या ८०हून जास्त मॅचेस असतात, त्यामुळे मॅचच्या दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा सुट्टी किंवा नावापुरता सराव. मॅचच्या दिवशी सकाळी हलकं स्केटिंग, मग जेवण आणि दुपारची झोप. त्या दिवशी कुणी थांबेल अशी आशा धरू नका. दोन मॅचेसच्या मधला, घरच्या मैदानाचा दिवस बघा आणि सकाळी निघण्यापूर्वी वेळ पुन्हा तपासा, ती ऐनवेळी बदलते. २४ ते २६ डिसेंबर टीमच्या मॅचेस आणि सराव सहसा बंद.

यावलचा_पेनवाला: पेनाचं मी सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचं फसतं. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची काळी रबरी चकती. त्यावर काळं पेन दिसतच नाही. चंदेरी ऑइल पेंट मार्कर घ्या, मध्यम टोकाचा, आणि तिथेच विकत घ्या. विमानात न्यायच्या भानगडीत पडू नका. नव्या पकवर साच्याचा तेलकट थर असतो. तो आदल्या रात्री आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, नाहीतर शाई आक्रसून थेंब-थेंब होते.

मार्कर टोपण लावूनच अर्धा मिनिट हलवा, मग रद्दी कागदावर टोक दाबून शाई खाली उतरवा. हे घरून निघताना एकदा आणि रांगेत उभं राहिल्यावर एकदा. खेळाडूच्या हातात कोरडा मार्कर गेला की तो जोरात दाबतो, शाईचा गोळा फुटतो आणि सहीच्या जागी डाग राहतो. चिन्ह छापलेली बाजू खाली, कोरी बाजू वर धरून द्या. सही झाली की दहा मिनिटं पक तळहातावर आडवा धरा, बोट लावू नका. ओला पक प्लास्टिकच्या पिशवीत टाकला तर अर्धी सही पिशवीला लागते. पक स्वस्त असतो, दोन न्या.

जर्सी असेल तर पांढऱ्या आकड्यावर काळा पर्मनंट मार्कर, आणि आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरा. जाळीच्या कापडावर शाई पसरते.

चाळीसगावची_ताई: काका, आधी चेहरा ओळखायला शिका. बर्फावर हेल्मेट, डोळ्यांपुढे काच आणि स्केट्समुळे वाढलेली उंची. बाहेर टोपी घालून गाडीतून निघणारा पोरगा तोच, हे पटत नाही. सेलेब्रिनी २००६चा जन्म, ७१ नंबर. टीमच्या संकेतस्थळावरचे फोटो दोन-चार दिवस बघून ठेवा. बरेच खेळाडू सहीखाली नंबर लिहितात, त्यावरून नंतर नाव लावता येतं.

सराव संपल्यावर खेळाडूंच्या गाड्या निघतात तिथे फुटपाथवर उभं राहा, गाडीपुढे जाऊ नका. थांबला तर काच खाली येते आणि तुमच्या हातात दहा-पंधरा सेकंद असतात. एकच वस्तू पुढे करा. नातवाचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून पकबरोबर द्या. नाव घालून सही मागणारा ती विकणार नाही, हे त्यांना कळतं, म्हणून हात लवकर पुढे येतो. दुखापतीचं विचारू नका. टीमसुद्धा बऱ्याचदा ‘अप्पर बॉडी’ किंवा ‘लोअर बॉडी’, म्हणजे शरीराचा वरचा की खालचा भाग, एवढंच सांगते, कारण समोरचा संघ नेमक्या त्याच जागी धडक देऊ शकतो. आपल्याकडे कौतुकाने खांद्यावर हात ठेवतात, तो तिथे ठेवू नका. हॉटेलात बायका-मुलांबरोबर जेवत असेल तर नुसती मान हलवून पुढे जा.

जामनेरकर: ताई, वेफर्सचं राहिलं.

चाळीसगावची_ताई: नको काका. त्यांची उत्तेजक चाचणी होते, अनोळखी माणसाने दिलेलं खाणं ते तोंडात घालणार नाहीत. वेफर्स मुलीला द्या. नातवाच्या हातचं एका पानाचं पत्र मात्र नक्की न्या. भेट झाली नाही तर ते पत्र आणि सहीसाठी खेळाडूच्या फोटोचं एक कार्ड टीमच्या पत्त्यावर पाठवा. आत मुलीचा पत्ता लिहिलेलं, अमेरिकेचं तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालायला विसरू नका. भारतीय तिकिटावर तिथून टपाल निघत नाही.

यावलचा_पेनवाला: घरी आणल्यावर एक काम. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. पक पश्चिमेच्या खिडकीत किंवा टीव्हीमागच्या फळीवर ठेवू नका. उन्हाने सही फिकी होते. झाकणाच्या डबीत, सहीला झाकण टेकणार नाही असा, गोदरेजच्या कपाटात मधल्या खणात ठेवा. नातवाला दाखवताना कडेने धरायला सांगा.