आईला रस्त्यावरच्या प्रार्थनेने 'बरं वाटलं', आता दर मंगळवारी जायचं म्हणते

रेडिंगकर_वाईचा

मंडळी, जरा सल्ला हवाय.

आई वाईहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडात रेडिंगला आली आहे. वय ७१, दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी चालू. इथे पाहुण्यांना हॉस्पिटलचं बिल दीडपट लावतात हे तिला कुणीतरी निघताना सांगितलं, त्यामुळे सहा महिन्यांच्या गोळ्या स्टीलच्या डब्यात भरूनच आली.

गेल्या शनिवारी ब्रॉड स्ट्रीटवर गेलो होतो. मी पार्सल टाकायला दुकानात शिरलो आणि ती बाहेर मांडलेल्या एका फोल्डिंगच्या खुर्चीत बसली. म्हाताऱ्यांसाठी ठेवल्यात असं वाटलं म्हणे. मागे एवढा मोठा 'हीलिंग'चा फलक, पण तो तिला कुठला वाचता येतोय. मी बाहेर येऊन बघतो तर तिच्याच वयाचे एक गोरे आजोबा तिच्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसलेले, आणि ही पाय मागे ओढून घेत 'अहो नको, नको, असं काय करताय' म्हणतेय. तिला वाटलं, पाया पडतायत.

माझ्यामार्फत त्यांनी विचारलं, काय दुखतं, खांद्यावर हात ठेवला तर चालेल का, येशूच्या नावाने प्रार्थना केली तर चालेल का. आई म्हणाली, "देवाचंच नाव घेतायत ना, घेऊ दे की." पाचेक मिनिटं झाली. उठली, म्हणाली बरं वाटलं. पर्समधून पाच पौंडांची नोट काढली तर त्यांनी घेतली नाही. हे तिला फार लागलं. दक्षिणा न देता उठायचं म्हणजे काय! तेव्हापासून त्यांच्यासाठी शेंगदाण्याच्या वड्या करायचं चाललंय.

हातात एक पत्रक दिलं. नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे, दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये कुणीही यावं, पैसे नाहीत.

काल कळलं की तिने दुखण्याची गोळी चार दिवस घेतलेलीच नाही. "आता काय गरज?" त्या लोकांनी असं काही सांगितलं नव्हतं, मी तिथेच उभा होतो. तरी राग आला. कुणाचा ते मलाही नीट सांगता येणार नाही.

हे लोक नक्की कोण असतात? धर्मांतराची भानगड आहे का? जाऊ देऊ का तिला?

तर्कट

नका जाऊ देऊ. तिकडच्याच बाथ शहरात अशाच एका गटाच्या पत्रकाचं प्रकरण २०१२ मध्ये गाजलं होतं. देव आज बरं करू शकतो असं लिहून खाली पाठदुखी, सांधेदुखी, दमा, नैराश्य, अर्धांगवायू अशी लांबलचक यादी. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीने हे खोटी आशा लावणारं आहे म्हणून वापरू नका असं सांगितलं. त्यावर तीन खासदारांनी ऑथॉरिटीलाच पत्र लिहून विचारलं की तुमच्या निर्णयाला शास्त्रीय आधार काय! म्हणजे पुरावा आता आपण द्यायचा. आपल्याकडे बाबा असता तर तुम्ही इथे विचारायला आला असता का? गोरा आहे, फलक इस्त्रीचा आहे, म्हणून विचारताय.

फिजिओ_नाशिक

गुडघ्याची झीज रोज सारखी दुखत नाही. माणूस साधारण जास्त दुखत असतं तेव्हाच उपाय शोधतो, आणि त्यानंतर ते आपोआप थोडं उतरतं. श्रेय मधल्या उपायाला जातं. (आमच्या शेकालाही जातं, नाही म्हणत नाही.)

प्रार्थनेवर मोठा अभ्यास झालाय. अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर, २००६ मध्ये छापून आला. प्रार्थना झालेल्या आणि न झालेल्यांत फरक नव्हता. 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात उलट गुंतागुंत जास्त, ५९ टक्के. आता तिथे प्रार्थना करणारे अनोळखी, लांबून करत होते. काकूंच्या समोर माणूस बसला होता. त्या दोन गोष्टी मी एकात धरणार नाही.

दुखण्याची गोळी लागेल तेव्हा घ्यायची आहे की रोज, ते तुमच्या वाईच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. बीपीची एक दिवसही चुकवायची नाही. आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, दिवसातून दोनदा, जमेल तेवढी. झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम लागू पडतो.

नगरची

मी जन्माने ख्रिस्ती, माहेर नगर, आता मिल्टन कीन्स. अशाच एका संस्थेत चार वर्षं महिन्यातले दोन शनिवार मी स्वतः खुर्च्या मांडते, म्हणून लिहिते.

खुर्च्या, फलक, गुडघे टेकणं ही पद्धत २००५ च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधल्या कोलरेनच्या एका चर्चने सुरू केली, तिथून सगळीकडे गेली. मुळात जुनंच आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. (तिथली मंडळी म्हणजे चर्च, आपण नव्हे.) माझी आजी नगरच्या बूथ हॉस्पिटलात नर्स होती. सकाळी वॉर्डात आधी प्रार्थना, मग गोळ्यांचा ट्रे. एकामुळे दुसरं थांबवायचं, हे तिच्या डोक्यातही आलं नसतं.

आमच्याकडे नेहमी दोघं असतात, एकट्याने कुणासाठी करायची नाही. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. औषधाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. माझ्यादेखत एकाने 'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' म्हटलं, त्याला पुन्हा खुर्चीजवळ उभं केलं नाही. पत्रकावर नोंदणी क्रमांक असेल, तो चॅरिटी कमिशनच्या साइटवर टाका. आपल्या धर्मादाय आयुक्तांसारखंच, पण विश्वस्त कोण, पैसा किती आला नि गेला, घरबसल्या दिसतं.

धर्मांतराचं विचारलंत. लोकांनी येशूला ओळखावं असं आम्हाला वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू. पण काकूंनी 'नको' म्हटलं की तिथे थांबायला हवं. थांबले नाहीत तर उठून या, आणि विश्वस्तांना लिहा.

तर्कटराव, तुमचं बाथचं बरोबर आहे. यादी छापायला नकोच होती. आमच्याकडे फुप्फुसाचा कॅन्सर झालेले एक गृहस्थ सात महिने येत होते. शेवटी शेवटी खुर्चीत नीट बसता यायचं नाही, बायको मागून धरून ठेवायची. ते गेले. पुढच्या शनिवारी ती एकटी आली आणि त्याच खुर्चीत बसली. मला प्रार्थनेचा एक शब्द सुचला नाही. तिची पिशवी सारखी घसरत होती, ती मी धरून बसले. चार वर्षांत एक्स-रे बदललेला मी पाहिलेला नाही. काकू 'बरं वाटलं' म्हणाल्या ना? 'बरं झालं' नाही म्हणाल्या. इंग्रजीत हे लोक किती दुखतंय त्याचा शून्य ते दहा आकडा विचारतात, तिथे हा फरक कुठे सांगता येत नाही.

पुणेरी_चष्मा

पाच पौंड परत करणारी संस्था? पत्ता द्या, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवतो.

रेडिंगकर_वाईचा

सगळ्यांचे आभार. नोंदणी क्रमांक पाहिला, खरा निघाला. आईच्या नकळत डबा उघडून गोळ्या मोजल्या. बीपीच्या बरोबर आहेत. डॉक्टरांना फोन केला, दुखण्याची लागेल तेव्हाच घ्यायची होती, म्हणजे मीच उगाच तापलो. उठबस चालू आहे, हात टेकूनच, आणि मोजताना ती सहानंतर एकदम नऊ म्हणते.

काल मंगळवारी गेलो. दहा-बारा जण, चहा, पेपरकपात. आजोबांनी आकडा विचारला. आई म्हणाली, "सांग त्याला, जिना चढताना सात नि बसल्यावर काही नाही." पुन्हा प्रार्थना झाली. मी सोबत बसलो, हरकत घेण्यासारखं काही कानावर आलं नाही. तर्कट, गोऱ्याबद्दलचं तुमचं बोलणं लागलं. गोरा नसता तर मी तिला हाताला धरून उठवलं असतं, खरं आहे.

घोळ वड्यांचा झाला. हॉलमध्ये सकाळी लहान मुलांचा वर्ग भरतो, दारावरच पाटी, शेंगदाणे आणू नका. डबा जसाच्या तसा परत आला. आईचं तोंड एवढंसं. आता पुढच्या मंगळवारी नारळाच्या करायच्या ठरल्यात. खोवलेला नारळ फ्रोझन कुठल्या दुकानातला बरा असतो, रेडिंगच्या आसपास कुणाला माहीत असेल तर सांगा.