सॉफ्टवेअर न विचारता नेटवर जातं, हे आपण का खपवून घ्यायचं?

अंगणवेल
काल हॉटस्पॉटचा डेटा भराभर संपत होता म्हणून विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर (कोणता प्रोग्राम काय वापरतोय ते दाखवणारा) उघडला. नेटवर्क टॅबमध्ये कोण, तर माझा पीडीएफ वाचायचा प्रोग्राम! फाइल माझ्याच डिस्कवरची. जोडण्यांची यादी देणाऱ्या नेटस्टॅट कमांडमधून पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक, ताडून पाहिला, तोच निघाला. चार जोडण्या, चारही ४४३ पोर्टवर, म्हणजे सुरक्षित वेबसाइट वापरतात त्याच वाटेने. सेटिंगमध्ये बंद करायची सोय नाही. शेवटी फायरवॉलमध्ये आउटबाउंड (बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठीचा) नियम टाकून अडवला, आणि पीडीएफ तरीही नीट उघडतेय. मग या जोडण्या कुणासाठी होत्या? माझ्या मते हा सरळ विश्वासघात आहे.

सह्यकडा
साफ असहमत. जोडणी दिसली म्हणजे हेरगिरी झाली असं नाही. ४४३ वरचा मजकूर सहसा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात, असतो, त्यामुळे काय गेलं ते तुम्हालाही दिसलेलं नाही. बहुधा अपडेट तपासत असेल. पीडीएफमधून मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घुसवणं हा जुना धंदा आहे. तुमच्या नियमामुळे आता पॅचही (त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या) यायचे नाहीत.

नदीकाठ
अंगणवेल यांच्या बाजूने. १२ नोव्हेंबर २०२० आठवा. मॅक संगणकांच्या प्रणालीची नवी आवृत्ती, मॅकओएस बिग सर, आली त्या दिवशी, ज्यांनी ती घेतलीही नव्हती त्यांच्या मॅकवरही अ‍ॅप उघडेनात. अ‍ॅप उघडताना मॅक अ‍ॅपलच्या सर्व्हरला विचारतो की या डेव्हलपरचं सर्टिफिकेट (त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) रद्द तर झालेलं नाही ना. सर्व्हर पूर्ण बंद असता तर तपासणी सोडून अ‍ॅप चालू झालं असतं. पण तो रखडत होता, म्हणून मॅक ताटकळत राहिला. वाय-फाय बंद केलं की अ‍ॅप झटक्यात उघडायचं! वर ही विचारणा एन्क्रिप्टही नव्हती. ओरड झाल्यावर अ‍ॅपलने आयपी पत्ते नोंदवणं थांबवलं. लोकांनी खोदून काढलं नसतं तर हे झालं असतं का?

सह्यकडा
त्याच दिवशी अनेकांनी होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते संगणकाला सांगणारी यादी) त्या सर्व्हरचा पत्ता अडवला. ती ओळ काढायची राहिली असेल, तर रद्द झालेल्या सर्टिफिकेटचं मालवेअर त्यांच्याकडे बिनबोभाट चालू शकेल. आणि दर वेळी विचारायचं म्हणाल, तर वडिलांच्या उबुंटू लिनक्सवर मी ओपनस्निच (प्रोग्राम नेटवर जाताना खिडकी उघडून परवानगी विचारणारं साधन) बसवून पाहिलंय. पहिल्या दोन खिडक्या त्यांनी चष्मा लावून वाचल्या. तिसरीपासून नुसतं ‘परवानगी द्या’.

नदीकाठ
म्हणून पाहणंच सोडायचं? २०२० मध्येच सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं रीतसर सही केलेलं अपडेटच बाधित निघालं. ते दोन आठवड्यांपर्यंत गप्प राहायचं, मग बाहेर संपर्क करायचं. अपडेट आहे म्हटल्यावर डोळे मिटून घ्यायचे, हे मला पटत नाही.

अंगणवेल
सह्यकडा, पॅचचा मुद्दा मान्य. आज नियम काढून वायरशार्क (नेटवरची ये-जा टिपणारा प्रोग्राम) लावला. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या विचारणांमध्ये, दोन नावं दिसली: एक कंपनीच्या अपडेट सर्व्हरचं, दुसरं जाहिरातींचा हिशेब ठेवणाऱ्या सेवेचं. पहिलं चालू ठेवलंय, दुसरं अडवलंय. पण पैसे मोजून घेतलेल्या प्रोग्राममध्ये हे दुसरं मुळात का असावं, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.