इंग्रजी डिक्शनरी अ‍ॅप: एंट्रीतल्या बारीक खुणा वाचता का? (अनुभव धागा)

इंग्रजी डिक्शनरी आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, पण बहुतेक लोक शब्द टाकतात, पहिली ओळ वाचतात आणि बंद करतात. माझं मत असं की खरा माल त्या ओळीच्या आजूबाजूला असतो, म्हणजे कंसातली अक्षरं, बाण, उभ्या रेघा, तिरप्या टाइपातले शब्द वगैरे. तुम्हाला त्यातलं काय उपयोगी पडलं ते लिहा. मराठी अर्थ देणारी अ‍ॅप्स बरी का वाईट हा वाद प्लीज नको, इथे फक्त इंग्रजी-इंग्रजी.

माझ्यापासून सुरुवात करते. मला सगळ्यात आवडतं ते कंसातलं सी आणि यू, काउंटेबल आणि अनकाउंटेबल. हे अक्षर अख्ख्या शब्दाला नाही, त्या त्या अर्थाला लावलेलं असतं हे कळलं की एंट्री वेगळीच दिसायला लागते. पेपर म्हणजे कागद, तिथे यू. पेपर म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध, तिथे सी, मग अ पेपर, टू पेपर्स सगळं चालतं. एक्सपिरियन्सचंच बघा, कामाचा अनुभव असेल तर यू आणि आलेला एखादा प्रसंग असेल तर सी. म्हणजे इथे सगळ्यांनी सी लिहायचेत :)

*

भाषांतर करतो त्यामुळे डिक्शनरी दिवसभर उघडीच असते. अर्थांचा क्रम हा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन, केंब्रिज वगैरे, यात साधारणपणे जास्त वापरातला अर्थ आधी येतो. पण मेरियम-वेबस्टर आणि मोठी ऑक्सफर्ड यांची पद्धत ऐतिहासिक, आधी जुना अर्थ आणि मग पुढचे, त्यामुळे तिथला पहिला नंबर म्हणजे आजचा मुख्य अर्थ असं धरून चालाल तर फसाल. लांब एंट्री असेल तर मी आधी फक्त अर्थांच्या डोक्यावरचे छोटे शब्द वाचत खाली जातो, लाँगमनमध्ये ते ठळक अक्षरात असतात आणि मोठ्या व्हर्बला फार कामाला येतात, आपला संदर्भ सापडला की तिथेच थांबायचं.

आणि शब्दाच्या डोक्यावर बारीक 1, 2 असे आकडे दिसले तर ते अर्थांचे नंबर नाहीत, त्या स्वतंत्र एंट्री आहेत, बऱ्याचदा वेगळे शब्दच, फक्त स्पेलिंग सारखं. नदीकाठची बँक आणि पैशांची बँक बऱ्याच कोशांत अशा वेगळ्या दिलेल्या असतात.

*

वरच्यांना अनुमोदन, आणि एक भर. सर्चमध्ये फाउंड टाकलंत तर अ‍ॅप बहुतेक वेळा फाइंडकडे घेऊन जातं कारण ते त्याचं भूतकाळी रूप. पण संस्था स्थापन करणे या अर्थाचं फाउंड हे स्वतंत्र व्हर्ब आहे, त्याचं भूतकाळी फाउंडेड. वाक्याला अर्थ लागत नसेल तर रिझल्टच्या यादीत खाली बघा, दुसरी एंट्री तिथे गुपचूप बसलेली असते.

*

मी शिक्षिका होते, आता निवृत्त. माझा जीव उच्चारात. स्पीकरचं बटण दाबून ऐकणं सोपं आहे, मान्य, पण ऐकून सगळं कळतंच असं नाही, कारण आपला कान आपल्याला हवं तेच ऐकतो. म्हणून तिरप्या रेघांमधली ती चिन्हं शिकून घ्या, वाटतात तेवढी अवघड नाहीत. उलटा ई म्हणजे अगदी निसटता अ, अबाउटच्या सुरुवातीचा. वरची उभी बारीक रेघ म्हणजे जोर, आणि ती शब्दाच्या ज्या तुकड्यावर, म्हणजे सिलेबलवर, जोर द्यायचा त्याच्या आधी येते, नंतर नाही. रेकॉर्ड नाऊन असेल तर रेघ सुरुवातीलाच, व्हर्ब असेल तर मध्ये, शिवाय स्वरही बदलतो. खाली लावलेली रेघ म्हणजे दुय्यम जोर. ऑक्सफर्डमध्ये कारसारख्या शब्दाच्या शेवटी आर कंसात असतो, त्याचा अर्थ ब्रिटिश उच्चारात एरवी तो ऐकू येत नाही, पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तरच येतो. एवढं सगळं एका कंसात!

थोडं विषयांतर, ऑक्सफर्डच्या या लर्नर्स डिक्शनरीचं मूळ ए. एस. हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये शिकवताना केलेल्या कोशात आहे, तो 1942 मध्ये तिथेच निघाला आणि ऑक्सफर्डने 1948 मध्ये छापला. शिकवणाऱ्याने केलेलं काम आहे हे एंट्री वाचताना जाणवतं.

*

आमच्या परीक्षेच्या ग्रुपमध्ये सगळे कठीण शब्दांच्या याद्या पाठ करतात, मला ते कधी जमलं नाही. मी लाँगमनमधले एस आणि डब्ल्यू बघते. एस 1 म्हणजे बोलण्यातल्या सगळ्यात जास्त वापराच्या 1000 शब्दांपैकी, डब्ल्यू 1 म्हणजे लिहिण्यातल्या, मग 2 आणि 3 म्हणजे पुढचे हजार हजार. एखाद्या शब्दाला डब्ल्यू आहे पण एस नाही म्हणजे तो निबंधात टाकायचा, गप्पांत नाही. केंब्रिजमध्ये ए1 ते सी2 अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या लेव्हल असतात, त्याही अर्थागणिक बदलतात, सोपा वाटणारा शब्द तिसऱ्या अर्थाला थेट सी1 वर जातो.

आणि व्याख्या समजत नाही म्हणणाऱ्यांनी लाँगमन वापरून बघावी, व्याख्या लिहायला त्यांनी साधारण 2000 सोपे शब्द ठरवून घेतलेत. कॉलिन्सची कोबिल्ड डिक्शनरी, जी 1987 मध्ये आली, तिच्यात तर व्याख्याच पूर्ण वाक्यात असते, इफ यू अशी सुरुवात करून, त्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो ते आपोआप दिसतं. माझं वैयक्तिक मत, नवशिक्यांना हीच बरी, बाकी कोडवाल्या नंतर.

*

नवशिक्यांना कोड नको हे पटलं नाही. ईमेल लिहिणाऱ्याला एसबी आणि एसटीएच कळलंच पाहिजे, समबडी आणि समथिंग. सजेस्टच्या एंट्रीत सजेस्ट समथिंग टू समबडी असा साचा दिलेला असतो, म्हणजे सजेस्ट मी अ बुक चालत नाही हे कुणी न सांगता कळतं. डिस्कसला टी, म्हणजे ट्रान्झिटिव्ह, कर्म थेट जोडायचं, मध्ये अबाउट नाही.

*

ऑक्सफर्डमध्ये फ्रेझल व्हर्बच्या मध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण असतो तो कशासाठी?

*

कर्म दोन्ही जागी चालतं म्हणून. टर्न ऑफ द लाइट किंवा टर्न द लाइट ऑफ. पण इट, देम अशी सर्वनामं असली की मध्येच घालायची, टर्न इट ऑफ. आणि जिथे बाण नाही तिथे छापलंय त्याच क्रमाने वापरायचं, लुक आफ्टरचं कर्म शेवटीच येतं.